उशाजवळची खुर्ची

सन २०२० च्या एप्रिल महिन्यातील एक सकाळ होती. एरवी या वेळी मुंबईचे रस्ते माणसांनी फुलून गेलेले असत. परंतु त्या दिवशी विक्रोळीपासून दादरपर्यंत पोलिसांखेरीज फारसे कोणी दृष्टीस पडत नव्हते. करोना विषाणूची साथ जगभर पसरली होती. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिला महामारी म्हटले, २२ मार्चच्या मध्यरात्री मुंबईच्या लोकल गाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी सुरू झाली. शाळा, बाजार, गिरण्या, देवळे, सारे बंद होते. ‘घरी राहा’ हा एकच उपदेश सर्वांच्या कानांवर पडत होता.

अशा त्या ओस रस्त्यावरून एक टॅक्सी दक्षिणेकडे चालली होती. टॅक्सी चालवणाऱ्या गृहस्थांच्या मागे त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा आणि त्यांची थोरली बहीण अशी दोघे बसली होती. वाटेत पोलिसांनी टॅक्सी तीनदा अडवली. तिन्ही वेळा वडिलांनी रुग्णालयाचा कागद पुढे केला, पोलिसांनी मुलाच्या फिकट चेहऱ्याकडे पाहिले आणि अडथळा बाजूला सारला.

त्या मुलाला थॅलेसेमिया होता. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर मूल हा रोग घेऊनच जन्माला येते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते व ते प्राणवायू शरीरभर पोहोचवते. थॅलेसेमिया झालेल्या मुलाचे शरीर हे द्रव्य पुरेसे तयार करू शकत नाही. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचे रक्त चढवावे लागते. पूर येवो, साथ येवो, गाड्या बंद पडोत. या रक्ताला खाडा चालत नाही. सारे जग घरी बसले असता या मुलाला घरी बसण्याची सोय नव्हती.

आजवर रक्ताच्या दिवशी त्याच्याबरोबर आई जात असे. मायलेक लोकलने दादरला उतरत आणि वडील त्या दिवशीही टॅक्सी घेऊन भाड्याच्या शोधात फिरत. कारण औषधांचा खर्च भागवायचा तर दिवस बुडवून भागत नसे. दुसरेही एक कारण होते. वडिलांना रक्त पाहवत नसे. हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण तसे कोणी बोलून दाखवत नसे. २० मार्चला आई चार दिवसांसाठी म्हणून सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आपल्या माहेरी, आजारी आजीला भेटायला गेली. चार दिवसांनी जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि ती तिकडेच अडकली. रक्ताचा दिवस मात्र ठरल्या वेळी आला. आत्या पूर्वी दोनदा आईबरोबर गेली होती. तेव्हा आत तिने जावे, असे घरी ठरले होते.

रुग्णालयाच्या फाटकापाशी रखवालदाराने त्यांना थांबवले. त्याच्या तोंडावर मुखपट्टी होती. हातातील लहानसे यंत्र त्याने बंदुकीसारखे मुलाच्या कपाळापुढे धरले; मुलगा किंचित मागे सरला, पण यंत्र कपाळाला लागलेसुद्धा नाही. अंगात ताप नव्हता.

“एका मुलाबरोबर एकच माणूस,” रखवालदार म्हणाला. “आणि मावशी, तुमचं वय काय?”

“सदुसष्ट,” आत्या म्हणाली.

“मग तुम्ही आत येऊ नका. पासष्टीच्या पुढच्या माणसांना या साथीचा धोका फार. या दिवसांत तुम्ही घराबाहेरसुद्धा पडायला नको होतं.”

वडील गोंधळून गेले. “पण मला यातलं काहीच ठाऊक नाही हो,” ते हळू आवाजात म्हणाले.

“मला ठाऊक आहे, बाबा,” मुलगा म्हणाला. “चला.”

आत्या टॅक्सीत परत जाऊन बसली आणि वडील आपल्या मुलाच्या मागून आत गेले.

आतील देखावा मुलालाही अनोळखी वाटला. बाकांवर एकाआड एक जागांवर कागदी फुल्या चिकटवल्या होत्या, म्हणजे माणसे दूर दूर बसत. रक्त चढवण्याच्या दालनात पूर्वी सहा खाटा असत. त्यांतील आता तीनच राहिल्या होत्या. परिचारिका डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या पोशाखात झाकलेल्या होत्या. डोळ्यांवर चष्मे आणि त्यांवर पारदर्शक पडदा. कोणती सिस्टर कोण, हे मुळीच कळत नव्हते. एवढ्यात त्यांतील एक पांढरी आकृती बोलली, “आज उशीर झाला रे तुला!” आणि त्या आवाजासरशी मुलाचा चेहरा खुलला. आवाज ओळखीचा होता.

झाकलेल्या चेहऱ्यांची ही अडचण पूर्वीही एका साथीत लोकांच्या ध्यानात आली होती. २०१४ - १५ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला या रोगाने थैमान घातले, तेव्हा तेथील रुग्णांना आपली शुश्रूषा करणाऱ्याचे तोंड कधी दिसतच नसे. मेरी बेथ हेफर्नन या अमेरिकन चित्रकर्तीने लायबेरियात जाऊन डॉक्टरांची व परिचारिकांची हसऱ्या मुद्रेची छायाचित्रे काढली आणि ती त्यांच्या पोशाखावर छातीपाशी चिकटवण्याची तोड काढली. २०२० मध्ये अनेक रुग्णालयांनी तीच युक्ती पुन्हा योजिली. उपाय किती साधा! पण पांढऱ्या पिशवीत शिरलेल्या माणसाला भिणाऱ्या मुलाला त्याचे मोल विचारावे.

खाटेच्या उशाशी एक खुर्ची होती. प्रत्येक खाटेला एक, अशा मोजून तीन खुर्च्या. सिस्टरने वडिलांना तिच्यावर बसायला सांगितले. आधी मुलाचे वजन घेतले, नाडी मोजली. मग तिने उजवा हात हाती घेतला, तेव्हा मुलगा म्हणाला, “सिस्टर, उजव्या हाताची शीर हुलकावणी देते. आई नेहमी डावा हात सांगते. मनगटाच्या जरा वर.”

सुई शिरली त्या क्षणी वडिलांनी डोळे मिटून घेतले. परंतु मुलाचा दुसरा हात त्यांनी सोडला नाही. मुलाने तो हात हलकेच दाबला. कोण कोणाला धीर देत होते, हे सांगणे कठीण होते.

रक्ताची पिशवी आली. दोन परिचारिकांनी मिळून तिच्यावरील क्रमांक, रक्तगट आणि मुलाचे नाव मोठ्याने वाचून ताडून पाहिले. ही तपासणी एकटीने कधी करीत नाहीत; कारण चुकीच्या गटाचे रक्त गेले तर जिवावर बेतते. पहिली पंधरा मिनिटे रक्त अगदी सावकाश सोडतात आणि अंगावर पित्त उठते का, थंडी वाजते का, यावर नजर ठेवतात. त्यानंतर गती थोडी वाढवतात. तरीही एक पिशवी संपायला तीन-चार तास लागतात.

“बाबा, हे रक्त कुणाचं असेल?” मुलाने विचारले.

वडिलांना उत्तर देता येईना. रक्तदात्याचे नाव रुग्णाला सांगत नाहीत. महाविद्यालये व कचेऱ्या बंद असल्यामुळे त्या दिवसांत रक्तदानाची शिबिरे भरत नव्हती आणि रक्तपेढ्यांतील साठा आटत चालला होता. तरीही कोणीतरी या ओस रस्त्यांवरून, पोलिसांना कारण सांगत, रक्त देण्यासाठी गेले होते. एवढे मात्र नक्की.

थेंब पडू लागले. आता थांबण्यावाचून दुसरे काम नव्हते. पिता खुर्चीवर आणि पुत्र खाटेवर असे ते दोघे बसले असता, त्या खुर्चीची हकीकत सांगण्यास हरकत नाही. कारण आजारी मुलाच्या उशाशी ती सर्वकाळ होती असे नाही.

केवळ मुलांसाठी असलेली रुग्णालये ही फार जुनी गोष्ट नव्हे. पॅरिस येथे असे रुग्णालय १८०२ मध्ये निघाले. लंडनमध्ये डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी १८५२ मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील एका घरात अवघ्या दहा खाटांनिशी प्रारंभ केला. मुंबईत परळ येथे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये उभे राहिले. या रुग्णालयांनी असंख्य बालकांचे प्राण वाचवले. पण पाश्चात्त्य देशांतील अशा बहुतेक रुग्णालयांत एक नियम पुढे फार कडक झाला. मूल आत आले की आईवडिलांनी बाहेर राहावे.

नियम करणारी माणसे निर्दय नव्हती. घटसर्प, लोहितांगज्वर, गोवर असे रोग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर उड्या मारीत. त्यांवर चालणारी औषधे हाताशी नव्हती. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर रोग आत येईल, ही धास्ती खरीच होती. त्यामुळे १९४९ मध्येही लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात मुलांना भेटण्याची वेळ रविवारी दोन ते चार एवढीच होती. दुसऱ्या एका ठिकाणी पहिला महिनाभर भेट नव्हतीच. आईबापांनी संध्याकाळी सात ते आठ या वेळात आपले मूल झोपलेले असताना पाहून जावे, इतकीच सवलत होती. आणखी एका रुग्णालयात तीन वर्षांखालील मुलांच्या आईवडिलांना मध्ये पडदी ठेवून पलीकडून पाहू देत.

आईवडील येऊन गेले की मुले रडत. न आले तर दोन-चार दिवसांनी गप्प होत. त्यावरून परिचारिका म्हणत, “मूल आता रुळले.” पुष्कळ वर्षे सर्वांनी ते खरे मानले.

ते खरे नाही, हे ज्याने दाखवून दिले, तो डॉक्टर नव्हता. जेम्स रॉबर्टसन हा स्कॉटलंडमधील एका कामगार कुटुंबातला तरुण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये अॅना फ्रॉइड या विदुषीने निराधार झालेल्या मुलांसाठी शिशुगृहे चालवली होती. तेथे रॉबर्टसनने बंबाची भट्टी सांभाळण्याचे काम पत्करले. अॅनाबाईंचा एक दंडक होता. शिशुगृहातील प्रत्येक माणसाने, मग तो भट्टीवाला का असेना, मुलांविषयी जे दिसेल ते कागदावर टिपून ठेवायचे. कोळसे लोटता लोटता रॉबर्टसन पाहण्यास शिकला. पाहणे ही गोष्ट आपण समजतो तितकी सोपी नाही. पुष्कळांना ती शिकावी लागते, आणि पुष्कळ शिकलेल्यांना ती येत नाही.

१९४८ पासून तो रुग्णालयांतील लहान मुलांचे निरीक्षण करू लागला. आईपासून तुटलेले मूल प्रथम आक्रोश करते. मग ते निराश होऊन गप्प पडते. आणि फार दिवस लोटले की आई आली तरी तिला ओळखच देत नाही, असे त्याला दिसून आले. ज्याला सारे ‘रुळणे’ म्हणत, ती मुलाने सोडलेली आशा होती. त्याने हे डॉक्टरांना सांगितले. ते कोणाला पटले नाही. तेव्हा त्याने एक लहान चलच्चित्र-कॅमेरा मिळवला आणि १९५१ मध्ये, शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या अडीच वर्षांच्या एका मुलीचे चित्रण केले. सोयीचे तेवढेच प्रसंग निवडले, असा आक्षेप कोणी घेऊ नये म्हणून तो रोज ठरलेल्या वेळीच चित्रण करी आणि भिंतीवरील घड्याळ चित्रात येईल अशी दक्षता घेई. ती मुलगी फारसा आकांत करीत नाही. ती अधूनमधून हळूच आईला हाक मारते, हुंदका आवरते, आणि आई भेटायला आली की तोंड फिरवते. चित्रपटात एवढेच आहे.

१९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये तो चित्रपट दाखवला, तेव्हा सभेतील अनेक डॉक्टर व परिचारिका संतापल्या. रुग्णालयांची ही नालस्ती आहे, असे ते म्हणाले. परंतु घरी गेल्यावर ते चित्र त्यांच्यापैकी काहींच्या डोळ्यांपुढून हलेना. न्यूकॅसल येथे डॉ. जेम्स स्पेन्स हे तर १९२५ पासूनच आजारी तान्ह्या मुलांबरोबर त्यांच्या आयांना ठेवून घेत होते व त्यात काही बिघडत नव्हते. अखेर १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला, की आईवडिलांना मुलाकडे केव्हाही येऊ द्यावे व लहान मुलांच्या आयांना शक्य तेथे जवळ राहू द्यावे. अहवाल झाला म्हणून दारे लगेच उघडली नाहीत. आईवडिलांना संघटना करून वर्षानुवर्षे एकेका रुग्णालयाशी भांडावे लागले. खुर्ची अशी एकेक करून आत आली.

आपल्या देशात हा प्रश्न इतका तीव्र झाला नाही. रुग्णाबरोबर घरचे माणूस राहणार, डबा आणणार, रात्री खाटेशेजारी चटई टाकणार, अशी आपली रीतच आहे. तिच्यामागे शास्त्रापेक्षा परिचारिकांची टंचाई अधिक होती, हेही मान्य केले पाहिजे. पण न कळत का होईना, मूल एकटे पडत नसे.

आणि मग २०२० मध्ये जुना प्रश्न जगभर पुन्हा उभा राहिला. करोनाचा विषाणू श्वासावाटे पसरतो. ज्याला काहीच त्रास होत नाही असा माणूसही तो दुसऱ्याला देऊ शकतो. रुग्णालयात आलेल्या ज्या मुलांची शरीरे आधीच दुबळी आहेत, त्यांच्यापाशी गर्दी होऊ देणे धोक्याचे होते. म्हणून फाटके पुन्हा मिटली. आजी-आजोबा, भावंडे, मित्र, सारे बाहेर राहिले. आईवडिलांपैकी एकानेच आत जावयाचे असल्यामुळे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कित्येक पित्यांना आपले मूल कित्येक दिवस पाहता आले नाही. काही रुग्णालयांनी तर, आईला करोना झाला असल्यास नवजात बालकाला तिच्यापासून दूर केले. परंतु योग्य काळजी घेऊन मायलेकरांना एकत्रच ठेवावे व आईने बाळाला पाजावे, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी दिला.

जुना नियम आणि हा नियम वरवर पाहता सारखेच दिसतात. दोहोंच्या मुळाशी रोगाचे भय आहे. पण १९४९ मधील नियमाला आई ही पाहुणी वाटत होती. २०२० मधील रखवालदार सर्वांना अडवीत होता, तरी ‘एक माणूस’ हे शब्द त्याच्या नियमातून गेले नव्हते. खाटा तीन, तर खुर्च्याही तीन. तेवढ्या एका शब्दासाठी सत्तर वर्षे लागली होती.

पिशवी अर्धी झाली तेव्हा वडिलांनी प्रथमच मान वर करून तिच्याकडे नीट पाहिले. नळीतून उतरणारा थेंब ते मोजू लागले. पाहता पाहता मुलाच्या ओठांवर थोडा रंग चढला. हा रंग आई दर तीन आठवड्यांनी पाहत असे. वडिलांनी तो संध्याकाळी घरी परतल्यावरच पाहिला होता, आणि तो कसा येतो हे त्यांना ठाऊक नव्हते.

“नेहमी इतका वेळ लागतो?” त्यांनी विचारले.

“हो. आई गोष्टी सांगते.”

वडिलांना गोष्टी येत नव्हत्या. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, “दादरहून कुलाब्याला जायचे किती रस्ते आहेत, सांगू?” आणि त्यांनी एकेक रस्ता, त्यावरचा एकेक नाका, कोठे सिग्नल लवकर सुटतो आणि कोठे पावसाळ्यात पाणी तुंबते, हे सांगावयास सुरुवात केली. पलीकडच्या खाटेवरची एक लहान मुलगीही ऐकू लागली. ते भायखळ्याच्या पुलावर पोहोचले तेव्हा पिशवी संपली.

सिस्टरने सुई काढून कापूस दाबून धरण्यास सांगितले. वारंवार रक्त घेतल्याने शरीरात लोह साठते व ते हृदयाला आणि यकृताला अपाय करते. म्हणून रोजची गोळी चुकवू नये, हे तिने वडिलांना दोनदा बजावले. वडिलांनी ते खिशातील पावतीच्या मागे लिहून घेतले. पुढची तारीखही लिहून घेतली.

बाहेर टॅक्सीच्या काचा खाली करून आत्या बसली होती. तिने बरोबर आणलेला शिऱ्याचा डबा उघडला. हात धुऊन होतात न होतात तोच वडिलांचा फोन वाजला. पाटणकडच्या त्या खेड्यात घराशी फोन लागत नसे. आई चार वाजता डोंगरावरच्या माळावर चढून फोन करणार, असे सकाळी ठरले होते. वाऱ्यामुळे तिचा आवाज तुटत होता.

“कुठली शीर मिळाली?” तिने पहिल्यांदा हेच विचारले.

“डावीच,” मुलगा म्हणाला. “मीच सांगितलं.”

“आणि जवळ कोण होतं? आत्या?”

“नाही. बाबा.”

माळावरचा वारा तेवढा ऐकू येत राहिला. मग आई म्हणाली, “फोन त्यांच्याकडे दे.”